शिवणकामाच्या मेजासाठी चिंध्यांची पिशवी
(कार्यानुभव : इयत्ता सहावी व सातवीसाठी चार तासांचा पाठ)



शिवणकामाचा तास बहुतेक शाळांत उत्साहाने सुरू होतो. मुले कापड कापतात, सुई ओवतात, टाके घालतात. घंटा झाली की वही व पट्टी दप्तरात जाते आणि जमिनीवर उरतात दोऱ्यांचे तुकडे, कापडाच्या दशा आणि लहानमोठ्या चिंध्या. त्या कोणीतरी झाडूने कोपऱ्यात लोटतो व काम संपले असे आपण मानतो. ते तेथे संपत नाही, हे मला ज्या प्रसंगाने शिकविले तो प्रथम सांगतो. कारण या पाठाचा उगम त्यातच आहे.

एक अनुभव

प्रशिक्षण पूर्ण करून मी नुकताच नोकरीस लागलो होतो. शाळा दोन शिक्षकी होती. शुक्रवारी शेवटच्या तासाला मी वरच्या वर्गाकडून रुमाल शिवून घेतले. रुमाल नीटनेटके झाले, म्हणून मी समाधानाने घरी गेलो. चिंध्यांचा ढीग दाराआड लोटलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेत पहिलीतील एका मुलाने खेळताखेळता त्या ढिगावर उडी घेतली. पोर अनवाणी होते. ढिगातील सुई त्याच्या टाचेत शिरली आणि आतच मोडली. तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन छेद घेऊन ती काढावी लागली. धनुर्वाताची लस टोचावी लागली. मुलाचे वडील शेतमजूर होते. त्यांचा चार दिवसांचा रोजगार बुडाला.

ते माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला : "गुरुजी, सुया किती दिल्या हुत्या?" ढिगात आणखी सुई असेल काय, एवढेच त्या माउलीच्या काळजाने विचारलेल्या प्रश्नात होते. मला उत्तर देता आले नाही. मी सुया मोजून दिल्याच नव्हत्या, मग मोजून परत कशा घेणार? त्या दुपारी आम्ही दोघा शिक्षकांनी तो ढीग चिंधी-चिंधी करून उलगडला, आणि त्यात आणखी एक सुई निघाली.

शिवण शिकलेल्या मुलांपैकी कोणासही इजा झाली नाही. ज्याने सुई हातीही धरली नव्हती, त्याला ती झाली. आपल्या कामाचा उरलेला भाग दुसऱ्याच्या वाटेत येऊ न देणे हा त्या कामाचाच भाग आहे, हे तेव्हापासून मी मानत आलो. पुढे दिलेली पिशवी हे शिकविण्याचे साधन होय. तिला दोन अंगे आहेत : चिंध्या पडण्यापूर्वीच झेलणारी पिशवी, आणि सुयांना जागा नेमून देणारे पान.

पिशवीचे स्वरूप

मेजावर वाळू भरलेली एक लहान गादी राहते. तिला कापडी पट्टा जोडलेला असतो व पट्ट्याच्या खालच्या टोकास, मेजाच्या कडेबाहेर, तोंड उघडे असलेली पिशवी लोंबते. गादीच्या वजनाने पिशवी जागेवर राहते. खिळा ठोकावा लागत नाही. मुलाने दोरा कापला की तुकडा हातासरशी पिशवीत टाकता येतो. गादीवर लोकरी कापडाचे दुहेरी पान शिवलेले असते व त्यात दहा सुयांच्या दहा जागा असतात.

ज्या शाळेत मुले सतरंजीवर बसतात, तेथे गादी बैठ्या मेजावर अथवा मजबूत खोक्यावर ठेवावी. कडेपासून पिशवीच्या बुडापर्यंत सुमारे २८ सेंमी. अंतर लागते. उंची तेवढी नसेल, तर पिशवीची खोली त्या मानाने कमी करावी.

साहित्य

१. जुने पण न विरलेले सुती कापड, ४६ सेंमी. × ४२ सेंमी. जुन्या गणवेशाची विजार किंवा चादर चालते.
२. आतल्या खोळीसाठी घट्ट विणीचे कापड, १७ × १२ सेंमी.चे दोन तुकडे.
३. जुन्या ब्लँकेटचा अथवा घोंगडीचा तुकडा, १६ × १२ सेंमी.
४. खोक्यांना बांधून येणारी प्लॅस्टिकची पट्टी, ४७ सेंमी. ती न मिळाल्यास बुरुडाकडील बांबूची पातळ, घासून गुळगुळीत केलेली कामटी.
५. धुऊन, चाळून, उन्हात कोरडी केलेली नदीची वाळू, सुमारे ४०० ग्रॅम.
६. सुया, सुती दोरा, कातरी, मोजपट्टी, खडू, टाचण्या आणि रंगीत दोरा.

यातील बहुतेक वस्तू विकत घ्याव्या लागत नाहीत. गावच्या शिंप्याकडे एखादी फेरी नेल्यास मुलांना कापड, दोरा यांबरोबर चार उपयुक्त शब्दही मिळतील. 'उरेब' कापड म्हणजे काय, 'नेफा' म्हणजे काय, हे त्याच्या तोंडून ऐकलेले मुले विसरत नाहीत.

मापे व कापणी

प्रथम सर्व तुकडे जुन्या वर्तमानपत्रावर आखून कापून घ्यावेत. कागद चुकला तर दुसरा मिळतो. कापड चुकले तर मिळत नाही. तुकड्यांची मापे अशी :

पिशवी : ४६ × २५ सेंमी., एक तुकडा.
गादी : १७ × १२ सेंमी., दोन तुकडे.
पट्टा : १४ × १२ सेंमी., एक तुकडा.

कापडाची ४६ सेंमी.ची बाजू आडवी ठेवावी. वरची २५ सेंमी. रुंदीची संपूर्ण पट्टी पिशवीसाठी काढावी. खाली ४६ × १७ सेंमी.ची पट्टी उरते. तीत गादीचे दोन तुकडे १२ सेंमी.ची बाजू आडवी ठेवून शेजारीशेजारी बसवावेत व त्यांच्यापुढे पट्ट्याचा तुकडाही तसाच बसवावा. कोणता तुकडा कोठे ठेवल्याने कापड वाचते, हे शिक्षकांनी आधी सांगू नये. कागदी तुकडे मुलांच्या हाती द्यावेत आणि त्यांना फिरवून पाहू द्यावेत. पाच मिनिटे यात गेली तरी ती वाया जात नाहीत.

कडा कापडाच्या धाग्याला धरून सरळ कापाव्यात. तिरके कापलेले, म्हणजे उरेब कापड ताणले जाते व पिशवीचा आकार बिघडतो. सरळ धागा सापडत नसेल, तर कडेचा एक धागा ओढून काढावा. त्याच्या जागी जी बारीक रेघ दिसते, तीवरून कातरी चालवावी.

टाके

या कामास तीन टाके पुरतात. *धावदोरा* हा सुई खालीवर नेत पुढे जाणारा टाका तात्पुरत्या जोडणीसाठी वापरावा. *टीप* घालताना दर वेळी सुई एक टाका मागे घेऊन दोन टाके पुढे काढावी. भार सोसणाऱ्या सर्व शिवणी टिपेच्याच असाव्यात. दुमडलेली कड बसविण्यासाठी *तुरपाई* करावी. दोरा सुमारे ५० सेंमी.पेक्षा लांब घेऊ नये. लांब दोऱ्याला गाठी पडतात आणि सुई ओढताना हात शेजाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत जातो.

शिवण्याची कृती

(अ) पिशवी. ४६ सेंमी. लांबीचा तुकडा सुलटी बाजू आत ठेवून मधोमध दुमडावा. आता तो २३ सेंमी. खोल व २५ सेंमी. रुंद दिसेल. दोन्ही बाजूंना कडेपासून १ सेंमी. आत टीप घालावी. शिवणीच्या आतील कडा दोहीकडे पसरून नखाने दाबाव्यात. तोंडाशी प्रथम १ सेंमी. व नंतर २ सेंमी. कापड उलट्या बाजूकडे दुमडून तुरपाई करावी. हा नेफा झाला. त्यात पट्टी घालण्यासाठी ३ सेंमी. जागा न शिवता ठेवावी. पिशवी सुलटी करावी. तयार पिशवी २० सेंमी. खोल व २३ सेंमी. रुंद भरेल.

(आ) पट्टा. तुकडा सुलटी बाजू आत घेऊन असा दुमडावा की तो १४ सेंमी. लांब व ६ सेंमी. रुंद होईल. लांब कडेस १ सेंमी. आत टीप घालून तो पेन्सिलीच्या साहाय्याने उलटवावा. रुंदी ५ सेंमी. राहील. दोन्ही टोकांचा एकेक सेंटिमीटर शिवणीत जाऊन १२ सेंमी. लांबी हाती राहील.

(इ) सुयांचे पान. लोकरी तुकडा ८ × १२ सेंमी.च्या पुस्तकाप्रमाणे दुमडावा. आतील पानावर रंगीत दोऱ्याचे दहा टाके एकेक सेंटिमीटर अंतराने घालावेत. दोन्ही कडांना दीड-दीड सेंटिमीटर जागा राहील. प्रत्येक टाका म्हणजे एका सुईचे घर. हे पुस्तक दुमडीच्या कडेने गादीच्या वरच्या तुकड्यावर टीप घालून बसवावे. गादी शिवून झाल्यावर हे काम कठीण जाते, म्हणून ते आधी करावे.

(ई) गादी. दोन्ही तुकड्यांच्या सुलट्या बाजू समोरासमोर ठेवाव्यात. एका लांब कडेच्या मध्यभागी पट्ट्याचे टोक आत घालून टाचावे. पट्टा दोन तुकड्यांच्या मध्ये राहील. तीन बाजूंना १ सेंमी. आत टीप घालावी व एक आखूड बाजू मोकळी ठेवून गादी उलटवावी. आतल्या खोळीचे दोन तुकडेही असेच शिवावेत, मात्र टाके अगदी जवळजवळ असावेत व दोरा दुहेरी घ्यावा. नाहीतर वाळू गळते. खोळीच्या आखूड बाजूस ४ सेंमी. तोंड ठेवावे. रिकामी खोळ गादीत सरकवावी, मग कागदाच्या नरसाळ्याने वाळू भरावी. आधी खोळीचे तोंड, नंतर गादीची बाजू शिवून टाकावी. खोळ ठासून भरू नये. गादी मेजावर पसट बसली पाहिजे.

(उ) जोडणी. पट्ट्याचे मोकळे टोक आत दुमडून पिशवीच्या मागील बाजूस नेफ्याच्या लगेच खाली चौकोनी टीप घालून पक्के करावे. नंतर प्लॅस्टिकची पट्टी नेफ्यात ओवावी. टोके ३ सेंमी. एकावर एक घेऊन दोऱ्याने गुंडाळावीत व नेफ्याचे तोंड शिवावे. पट्टीची टोके आधीच कातरीने गोल करून घ्यावीत, म्हणजे ती कापडातून बाहेर येणार नाहीत.

आता गादी मेजाच्या कडेपासून सुमारे ४ सेंमी. आत ठेवावी व पिशवी बाहेर सोडावी. मेज गुळगुळीत असल्यास गादी सरकते. अशा वेळी तिच्या बुडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दोन-चार टाक्यांनी बसवावा. टाके आतल्या खोळीत जाऊ देऊ नयेत.

तासांची व कामाची वाटणी

पाच मुलांचा एक गट करावा व प्रत्येक गटाने एक पिशवी करावी. पिशवीची एक-एक बाजू दोघांनी शिवावी, तिसऱ्याने गादी, चौथ्याने खोळ, पाचव्याने पट्टा व सुयांचे पान अशी वाटणी सोयीची पडते. पहिल्या तासात मापन व कापणी, दुसऱ्यात पिशवी व पट्टा, तिसऱ्यात पान, गादी व वाळू, चौथ्यात जोडणी, चाचणी व आवराआवर व्हावी.

गटात मुलगे व मुली दोघेही असावेत. शिवण हे मुलींचे काम ही समजूत अजूनही काही ठिकाणी आढळते. गावचा शिंपी बहुधा पुरुष असतो, आणि ज्या नामदेव महाराजांचे अभंग आपण प्रार्थनेत म्हणतो ते परंपरेनुसार शिंपी कुळातले, एवढे स्मरण करून दिले तरी पुरे. ज्या मुलाला आपल्या सदऱ्याचे बटण लावता येत नाही, त्याचे शिक्षण तेवढ्यापुरते अपुरे राहिले आहे.

पाठाचा प्रारंभ प्रश्नांनी करावा. उदाहरणार्थ :

शिक्षक : काल शिवणाच्या तासानंतर वर्ग कोणी झाडला?
मुले : चौथीच्या मुलांनी.
शिक्षक : कचरा कोणाचा होता?
मुले : आमचा.
शिक्षक : त्यात काय काय होते?
मुले : दोरे, चिंध्या, खडूचे तुकडे.
शिक्षक : सुई नव्हती, हे कशावरून सांगाल?

या शेवटच्या प्रश्नाला मुले थांबतात. त्या स्तब्धतेनंतर पिशवीचा व सुयांच्या पानाचा नमुना मेजावर ठेवावा. नमुना शिक्षकांनी आधी स्वतः शिवलेला असावा. दुसऱ्याने शिवलेला नमुना दाखविणाऱ्या शिक्षकास मुलांच्या अडचणी कळत नाहीत.

अन्य विषयांशी समवाय

हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण हा विचार १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत मांडला गेला व डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याची योजना आखली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' हा शब्द रूढ केला. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचविले आहेत. शब्द बदलले, हातांनी केलेल्या कामातून बुद्धीला खाद्य मिळावे ही अपेक्षा तीच आहे. मात्र समवाय ओढूनताणून आणू नये. या कामात तो आपोआप येतो.

*गणित.* मूळ कापडाचे क्षेत्रफळ ४६ × ४२ = १९३२ चौ. सेंमी. पिशवीस ११५०, गादीस ४०८ व पट्ट्यास १६८, असे एकूण १७२६ चौ. सेंमी. कापड लागले. उरले २०६ चौ. सेंमी. मुलांनी उरलेले दोन तुकडे प्रत्यक्ष मोजून पाहावेत : १० × १७ = १७० आणि १२ × ३ = ३६. कागदावरची वजाबाकी व हातातली चिंधी यांचा मेळ बसला की मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो गणिताच्या पुस्तकावर क्वचित दिसतो. तसेच पट्टीचे कडे ४४ सेंमी. परिघाचे आहे. त्याचा व्यास किती? २२/७ ने भागल्यास १४ सेंमी. येतो, मग तो पट्टीने मोजून पडताळावा. कडे अगदी गोल नसेल, तर दोन दिशांना दोन मापे येतील. ती का येतात, हेही विचारावे.

*विज्ञान.* पिशवीत ५०-५० ग्रॅम वाळूच्या पुड्या टाकत जावे व कितव्या पुडीला गादी सरकते ते नोंदवावे. गुळगुळीत मेज, खडबडीत फळी व रबर लावलेले बूड अशा तिन्ही स्थितींत प्रयोग करावा. घर्षणाचा धडा याहून सोपा होणे नाही. दुसरा प्रयोग चुंबकाचा. बिघडलेल्या ध्वनिवर्धकातील चुंबक कापडात गुंडाळून जमिनीवरून फिरविला, तर पडलेली पोलादी सुई त्याला चिकटते. प्रत्येक शाळेत असा एक चुंबक असावा.

*भाषा.* दशा, नेफा, खोळ, उरेब, टीप, तुरपाई हे शब्द मुलांनी वहीत लिहावेत व प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करावा. 'मी पिशवी कशी शिवली' या विषयावर दहा वाक्ये क्रमाने लिहावयास सांगावीत. वाचणाऱ्यास त्यावरून पिशवी शिवता आली, तर ते लेखन उत्तम.

पिशवी भरल्यावर

पिशवी भरू देऊ नये. निम्मी झाली की रिकामी करावी. जड पिशवी गादीस ओढते. रिकामी करण्यापूर्वी सुया मोजाव्यात. त्यानंतर चिंध्या कागदावर पसरून तीन वाटे करावेत : हाताच्या पंजाहून मोठे तुकडे, लांब पट्ट्या व बारीक कतरा.

मोठ्या तुकड्यांची ठिगळे होतात, फळा पुसण्याची गादी होते. आणि गोधडीचा एक चौकोन दरमहा जोडत गेल्यास वर्षअखेर पहिलीच्या मुलांना बसावयास आसन तयार होते. आपल्या घरोघरच्या आजींनी जुन्या लुगड्याधोतरांच्या गोधड्या शिवून हेच केले. पट्ट्यांची वेणी घालून ती गोल शिवली की पायपुसणे होते. बारीक कतरा कापडी चेंडूत किंवा बाहुलीत भरण्यास उपयोगी पडतो. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण मुलांना येथे डोळ्यांनी पाहावयास मिळते.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. चिंध्या जाळू नयेत. आजच्या गणवेशाच्या कापडात बहुधा पॉलिएस्टर असते. ते जळताना वितळते. त्याचा थेंब त्वचेला चिकटून खोल भाजते व धूरही अपायकारक असतो. शुद्ध सुती दोरे खताच्या खड्ड्यात टाकले तर कुजतात, पॉलिएस्टरचे कुजत नाहीत. म्हणून ते चेंडूत भरून टाकणे बरे.

शिक्षकांनी लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. तासाच्या आरंभी प्रत्येक गटास मोजून सुया द्याव्यात : पाच हातात, पाच पानात. संख्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी.
२. घंटा होण्यापूर्वी सात मिनिटे काम थांबवावे. पानावरील दहा घरे भरल्याशिवाय गट उठू नये. एक घर रिकामे असेल, तर सर्वांनी मिळून सुई शोधावी.
३. सुई मोडल्यास दोन्ही तुकडे शिक्षकांच्या हाती यावेत. ते झाकणाच्या डबीत ठेवावेत. पिशवीत सुई, टाचणी वा पत्ती कधीही टाकू नये. पिशवीत हात घालणारा निर्धास्त असला पाहिजे.
४. सुई हरविल्याचे सांगणाऱ्या मुलास रागावू नये. शिक्षेच्या भीतीने लपविलेली सुई हरविलेल्या सुईपेक्षा अधिक घातक असते.
५. ज्या वर्गाने शिवले त्यानेच वर्ग झाडावा. लहान वर्गाकडून तो झाडून घेऊ नये.
६. मूल्यमापन करताना टाक्यांच्या सुबकतेस जेवढे गुण, तेवढेच तास संपल्यानंतरच्या जमिनीस द्यावेत.

स्वाध्याय

(अ) तुमच्या शाळेच्या मेजाची उंची मोजून त्यास योग्य अशी पिशवीची खोली ठरवा.
(आ) पिशवीची रुंदी २५ ऐवजी ३६ सेंमी. घेतल्यास तयार पिशवीच्या तोंडाचा घेर किती होईल? कडे त्याहून २ सेंमी. कमी परिघाचे ठेवून त्याचा व्यास अदमासे काढा.
(इ) महिन्याभरात पिशवीत जमलेल्या चिंध्यांचे वजन दर आठवड्यास नोंदवा व आलेख काढा.

शाळाभेटीस येईन तेव्हा मी भरतकामाचे नमुने कौतुकाने पाहीनच. परंतु त्याआधी वर्गातील एखाद्या मुलास जवळ बोलावून, त्या शेतमजूर पित्याने मला विचारलेला प्रश्न विचारीन : सुया किती दिल्या होत्या? मुलाने पान उघडून दहा घरे दाखविली की मला आणखी काही पाहण्याचे कारण उरणार नाही.

आणि पिशवी शिवून पूर्ण झाली की तीत पहिल्याप्रथम तिच्याच कापडाचे उरलेले ते दोन तुकडे टाकावयास मुलांना सांगावे. २०६ चौरस सेंटिमीटरचा हिशेब तेथे पुरा होतो.